गिअरच्या तेलाचा कॉक

सासरेबुवांच्या गाडीखाली मी पहिल्यांदा पाठीवर झोपलो तेव्हा माझा हेतू शुद्ध होता, एवढं आधीच सांगून ठेवतो. पुढच्या सगळ्या प्रकरणात हेतू सोडला तर दुसरं काहीच शुद्ध राहिलं नाही. तेल तर नाहीच नाही.

गाडी जुनी. गिअर आपले आपण बदलणारी. सासरेबुवांनी ती आम्हाला देताना एकच अट घातली होती, "स्क्रूसुद्धा बदलायचा नाही." ती आम्ही पाळली, कारण स्क्रू बदलायचा तर आधी तो कुठे आहे हे माहीत असावं लागतं. सासरेबुवा उभी नोकरी कोर्टात लघुलेखक. साक्षीदार काय म्हणाला, वकील काय ओरडला, न्यायाधीशांनी कोणाला गप्प बसवलं, सगळं शब्दन् शब्द कागदावर. अशा माणसाचे कान उतारवयात जावेत ही देवाची काय लीला म्हणायची? म्हणजे अगदी गेले नव्हते. पण जे बोलाल ते दुसऱ्यांदा सांगावं लागे, तिसऱ्यांदा सांगितलं की ते हसून मान हलवत आणि चौथ्यांदा सांगायचा उत्साह आपल्यातच उरत नसे.

मागच्या खेपेला ते चार दिवस राहायला आले होते. निघताना त्यांना स्टेशनवर सोडायचं म्हणून गाडीत बसवलं. मी इंजिन सुरू केलं आणि निघण्यापूर्वी त्यांना आदल्या दिवशीच्या कीर्तनातला पूर्वरंग सांगत होतो. कीर्तनकार बुवांनी तो फारच रसाळ रंगवला होता, शिवाय मध्ये दोन पदं होती, तीही मी म्हणून दाखवली. सासरेबुवांइतका शांत श्रोता मला दुसरा मिळालेला नाही. तर पद संपता संपता ते म्हणाले, "गाडी सुरू करा की आता."

मागे बसलेल्या हिचा हुंदका मला ऐकू आला.

घरी आल्यावर ही म्हणाली, "इंजिन चालू होतं हो. बाबांना स्वतःच्या गाडीचा आवाजसुद्धा ऐकू येईना. अंगणात उभी असताना नुसत्या घरघरीवरून सांगायचे, आज पेट्रोल बरोबर नाही म्हणून."

मग खरी गोष्ट बाहेर आली. बाबांनी आता कायमचं आमच्याकडे यावं असं हिचं केव्हापासून चाललं होतं आणि बाबा प्रत्येक वेळी "बघू पुढच्या खेपेला" म्हणत. पुढची खेप महिन्याभरावर आली होती. "ते का राहत नाहीत माहितीये?" ही म्हणाली. "आपण सगळे बोलतो आणि त्यांना कळत नाही. परकं वाटतं त्यांना. एक तरी ओळखीचा आवाज कानावर पडला तर माणूस रमेल." एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. घासण्याच्या आवाजावरून मला समजलं की पुढचं काम माझं आहे.

गाडीचा सायलेन्सर तसाही गंजून जाळी झाला होता. माझ्या मनात आलं, बदलायचाच आहे तर असा बसवावा की आवाज बाबांच्या कानापर्यंत पोचेल. फटफटीसारखा उथळ नको. कीर्तन उभं राहण्यापूर्वी मृदंगवाला ठेका न धरता डाव्या पुडीवर सहज एक थाप देतो, पहिल्या रांगेतल्या माणसाच्या छातीत ती उतरते, तसा पाहिजे. सायलेन्सरच्या मिस्त्रीला मी हे असंच्या असं सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे दोन पदरी. मागच्या आठवड्यात एका कॉलेजच्या पोराला करून दिला. काका, तुम्हाला झेपेल ना?"

काका. मिस्त्रीच्या मिशा माझ्यापेक्षा पांढऱ्या होत्या. पण बाबांसाठी म्हणून मी ते गिळलं.

त्याने गाडी जॅकवर उचलली, दिवा घेऊन खाली शिरला आणि मलाही बोलावून घेतलं. हाच तो पाठीवर झोपण्याचा पहिला प्रसंग. वर गाडीचं पोट आणि पोटाच्या कडेने जाणाऱ्या करंगळीएवढ्या दोन नळ्या.

"या आडव्या येतात," मिस्त्री म्हणाला. "गिअरच्या तेलाच्या आहेत. गिअरबॉक्समध्ये तेल तापतं, एका नळीने पुढे रेडिएटरच्या पोटात जातं, तिथं निवतं आणि दुसरीने परत येतं."

मला एकदम भरून आलं. दिवसभर संसारात तापलेला माणूस संध्याकाळी कीर्तनाला जातो, तिथे निवतो आणि परत घरी येऊन तापायला मोकळा होतो. अगदी हेच. मी तसं म्हटलंही. मिस्त्री म्हणाला, "ते असेल. पण दोन पदरी पाइप इथूनच जाणार. नळ्यांना खेटला तर तेल निवायच्या ऐवजी शिजेल. नळ्या पलीकडच्या अंगाने फिरवून आणा, मग या."

"तुम्हीच फिरवा की."

"मी सायलेन्सरवाला. नळ्या माझ्याकडे येत नाहीत."

मग मी गिअरबॉक्सवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, गिअरबॉक्सच्या आत काय असेल ते बोला. तेल बाहेर पडलं की माझा संबंध संपला. रेडिएटरवाला म्हणाला, तेल माझ्या रेडिएटरच्या तोंडाशी आणून द्या, पुढची जबाबदारी माझी. म्हणजे मधलं जे दोन हात अंतर, ते ह्या जगात कोणाचंच नव्हतं. एवढ्या मोठ्या व्यवहारात दोन नळ्या अनाथ असाव्यात याचं मला वाईट वाटलं. गाडी घरी आणून वाहनतळात लावली आणि तिच्याकडे बघत उभा राहिलो.

वाहनतळात कोणी गाडीकडे बघत उभा राहिला की आमच्या इमारतीला ते सहन होत नाही. पहिल्या मजल्यावरचे कचरा टाकायला आले ते बादली हातात घेऊन थांबले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन थांबल्या. एकाने गाडी विकून टाका म्हणून सांगितलं, एकाने सायलेन्सरच काढून टाका म्हणून सांगितलं आणि वहिनींनी त्यांच्या भाच्याचा अपघात सांगितला. त्याचा नळ्यांशी काहीही संबंध नव्हता, पण तो ऐकल्यावर सगळ्यांचेच चेहरे गंभीर झाले. तेवढ्यात गच्चीवरची टाकी बघून टाकीसाहेब जिन्यावरून उतरले.

टाकीसाहेब म्हणजे आमचे तळमजल्यावरचे शेजारी, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. इमारतीच्या टाकीत पाणी किती चढलं, किती उतरलं हे ते नुसतं भिंतीला हात लावून सांगतात. संध्याकाळ झाली की प्रत्येक घराने आपला कॉक बंद करायचा ही शिस्त त्यांनीच लावली. कोणी विसरला तर स्वतः जाऊन बंद करतात आणि सकाळी त्या घरच्या माणसाकडे नुसतं बघतात. ते बघणं फार लागतं.

"नळ्या फिरवायच्या?" ते म्हणाले. "एवढंच? अहो, अख्ख्या गावाच्या लाइनी फिरवल्यात मी. नदीखालून नेल्या आहेत."

"साहेब, ह्यात पाणी नाही, तेल आहे."

"द्रव आहे ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी ते पातळी बघायची काचेची नळी, ओळंबा आणि दोरी घेऊन आले. गाडीच्या खालून त्यांनी दोरी ताणली. मी दोरीचं दुसरं टोक धरून मडगार्डपाशी उकिडवा बसलो आणि येणारेजाणारे मला "काय हरवलंय का?" म्हणून विचारू लागले. साहेबांचं म्हणणं, लाइनीला उतार पाहिजे. मी म्हटलं, गिअरबॉक्सात पंप असतो, तो तेल ढकलतो. साहेब दोरीखालून माझ्याकडे बघत म्हणाले, "पंप बंद पडतो. उतार बंद पडलेला मी अजून पाहिला नाही."

उतारासाठी नळ्यांना एक गिरकी द्यावी लागली, ती पुढच्या चाकाला लागू लागली म्हणून आणखी एक गिरकी. मूळच्या नळ्या सरळ दोन हात होत्या, साहेबांच्या नळ्या सापासारख्या झाल्या. मध्ये जाणारी कुठली आणि येणारी कुठली यावर पहिल्या मजल्यावरच्यांशी त्यांचा वाद झाला. तो मिटावा म्हणून मी एकीला सुतळी बांधली आणि मग ती जाणारीला बांधली की येणारीला, यावर दुसरा वाद झाला.

आणि सगळं जुळल्यावर साहेबांनी खिशातून कागदात गुंडाळलेला एक पितळी कॉक काढला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"लाइन आहे ना?"

"आहे."

"मग कॉक पाहिजे. कुठलीही लाइन कॉकशिवाय टाकायची नसते. उद्या गळती लागली तर काय कराल? अख्ख्या गावाचं पाणी बंद कराल?"

"पण साहेब, इथं गाव कुठाय?"

"मी तत्त्व सांगतोय," साहेब म्हणाले आणि कॉक बसवला. त्याची लाल दांडी गाडीच्या पोटाखाली अशी शोभून दिसत होती की क्षणभर मलाही वाटलं, गाडी बनवणाऱ्यांच्या हे लक्षात कसं आलं नाही.

मिस्त्रीने दोन पदरी सायलेन्सर बसवला. नळ्यांची गिरकी बघून तो बराच वेळ गाडीखालून बाहेरच आला नाही. आल्यावर एवढंच म्हणाला, "काका, एक पावती तेवढी करून घ्या वाहन कार्यालयातून. नाहीतर रस्त्यात अडवतील."

वाहन कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "बदल की दुरुस्ती?"

"काय फरक पडतो?"

"दुरुस्तीला परवानगी लागत नाही. बदलाला लागते."

"मग दुरुस्ती."

"होती तशी केली का?"

"नाही, जरा आवाज..."

"म्हणजे बदल. आवाज तपासणी, मागची इमारत."

मागच्या इमारतीत एक गृहस्थ यंत्र पुढ्यात घेऊन बसले होते. गाडी आवारात आणून उभी करा म्हणाले. मी गाडी फाटकातून आत घेतली, तशी आवारातल्या झाडावरचे सगळे पक्षी उडाले आणि पहारेकरी धावत आला. समोर रुग्णालय आहे, हा शांततेचा विभाग आहे, इंजिन बंद करा. मी बंद केलं. गृहस्थ यंत्र घेऊन गाडीमागे जाऊन वाकले.

"साहेब, इंजिन बंद आहे," मी म्हटलं.

"बंदच पाहिजे. शांततेचा विभाग आहे."

"मग आवाज कसा मोजणार?"

त्यांनी माझ्याकडे फार समंजसपणे पाहिलं. "हे बघा, नियमाप्रमाणे गाडी कार्यालयाच्या आवारातच तपासायची असते. आणि आवारात इंजिन चालवायचं नसतं. दोन्ही नियम पाळून जेवढा आवाज येईल तेवढा आम्ही लिहितो." त्यांनी लिहिला. माझ्या गाडीचा आवाज सरकारदरबारी शून्य आहे. तसा सही-शिक्क्याचा कागद माझ्याकडे आहे आणि फाटकातून बाहेर पडताना तो दाखवूनच मी पहारेकऱ्याच्या तावडीतून सुटलो.

आवाज मात्र खरोखर छान होता. इतका छान की ह्या टोकाला सुरू केली तर त्या टोकाच्या दुकानदाराच्या बरण्या आपसांत बोलू लागत. ही गॅलरीत उभी राहून ऐकत होती. तिचे डोळे पाणावले होते. सोसायटीच्या सेक्रेटरींचेही पाणावले होते, पण ते खाली गाडीमागे उभे होते आणि कारण धूर होता. मी त्यांना शून्याचा कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, गाडीकडे पाहिलं, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "आवाजाचं ठीक आहे. हे लाल काय पडलंय?"

गाडीखाली लाल तेलाचा रुपयाएवढा ठिपका होता. गिअरचं तेल लालच असतं, ते मला कुठे माहीत? मला वाटलं, गाडी जखमी झाली. टाकीसाहेब मात्र हर्षभरित झाले. "गळती," ते म्हणाले. "सांगितलं होतं ना? गाडी उभी केली की कॉक बंद करायचा. निघताना उघडायचा. घरी करता तसंच."

त्या दिवसापासून माझा नेम सुरू झाला. संध्याकाळी ऑफिसातून आलो की गाडीखाली सरपटायचं, कॉक बंद. सकाळी निघताना सरपटायचं, कॉक उघडा. कपाटातले बरे सदरे एकेक करून पाठीवर लाल टिळा लावून घेऊ लागले. ऑफिसात कोणीतरी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? पण ठिपका पडायचा थांबला आणि सेक्रेटरीही थांबले.

बाबांना आणायचा दिवस उजाडला. हिने घर लख्ख केलं होतं. बाबांसाठी खिडकीजवळची खोली, नवी चादर आणि टेबलावर टोक केलेल्या पेन्सिली, का ते तिचं तिला ठाऊक. मला म्हणाली, "जपून आणा. आणि वाटेत कीर्तन सांगू नका. आवाज ऐकू दे त्यांना गाडीचा." मी कबूल केलं. मनाला लागलं, पण कबूल केलं.

खाली आलो. अंगावर पांढराशुभ्र इस्त्रीचा सदरा होता, म्हणून वर्तमानपत्र पसरून गाडीखाली शिरलो. पोटावरचा कपडा मळू नये म्हणून श्वास रोखला, डोळ्यांत माती जाऊ नये म्हणून ते मिटले आणि हात लांब करून दांडी रोजच्या बाजूला ढकलली. हलेना. आज नेमका अडकायचा होता. मग उलट्या बाजूने जोर लावला, तशी निमूटपणे फिरली. मी बाहेर आलो, सदरा पाहिला, डाग नव्हता. देवाचे आभार मानून निघालो.

आता इथे श्रोत्यांनी जरा थांबावं. पहाटे टाकीसाहेब पाण्याच्या फेरीला उठले होते. आज शेजाऱ्याचे सासरे येणार, तो बिचारा नवे कपडे घालून खाली कुठे सरपटेल, अशा प्रेमळ विचाराने त्यांनी आमच्या गाडीचा कॉक आपण होऊन उघडून ठेवला होता. आणि मी तो नेमाने, डोळे मिटून, बंद केला होता. दोन सज्जनांनी एकच सत्कर्म एकाच सकाळी केलं की त्याचं काय होतं, हे मी कुठल्याही कीर्तनात ऐकलेलं नाही. बुवांना सांगणार आहे.

स्टेशन काही फार लांब नाही, सकाळची हवा गार होती. गाडी गेली छान. बाबा उतरले. हातात छोटी पेटी. कायमचा येणारा माणूस एवढीशी पेटी आणत नाही. त्यांना पुढे बसवलं, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "बाबा, आता ऐका हं." आणि इंजिन सुरू केलं.

रिक्षावाल्यांनी मागे वळून पाहिलं. बाबांचा चेहरा जसाच्या तसा. नुसती डावी पापणी एकदा हलली. मला वाटलं, आवाज अजून थोडा कमी पडतोय. म्हणून पाय जरा जोरात दाबला. पापणी पुन्हा हलली.

पुलाचा चढ आला. पुढे गाड्यांची रांग, हळूहळू चाललेली. आमचा सायलेन्सर दोन्ही कठड्यांमध्ये असा घुमत होता की माझे स्वतःचे विचार मला ऐकू येईनात. बाबा काहीतरी म्हणाले.

"काय?" मी ओरडलो.

ते पुन्हा म्हणाले.

"बाबा, मोठ्याने बोला, ऐकू येत नाहीये."

बाबांनी माझा कान धरून स्वतःकडे ओढला आणि त्यात सांगितलं, "गिअरबॉक्स कण्हतोय. बाजूला घ्या. बंद करा."

मी घेतली. बंद केली. शांतता झाली तेव्हा खालून बारीक चुरचुर ऐकू आली आणि जळक्या तेलाचा वास आत आला. मी दार उघडून खाली उतरलो, पांढऱ्या सदऱ्यासकट रस्त्यावर आडवा झालो. लाल दांडी नळीला आडवी होती. आडवी म्हणजे बंद. साहेबांनी ते माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. सगळं तापलेलं तेल गिअरबॉक्समध्ये कोंडून मी बाबांची गाडी पुलावर चढवली होती. रुमाल गुंडाळून दांडी फिरवली, बोटं भाजली आणि तिथेच पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं.

मी गाडीखालून डोकं बाहेर काढलं. बाबा खिडकीतून खाली बघत होते.

"बाबा," मी अगदी हळू म्हटलं. हळूच. कोणत्याही बहिऱ्या माणसाला ऐकू गेलं नसतं इतक्या हळू. "तुम्हाला ऐकू येतं?"

"उठा आधी," ते तितक्याच हळू म्हणाले. "सदरा मळला तुमचा."

तेल निवेपर्यंत थांबणं भाग होतं. गाड्या बाजूने जात होत्या. मी सीटवर बसलो. मग तेच म्हणाले, "उभा जन्म मी लोकांचं बोलणं ऐकलं, जावईबापू. खरं, खोटं, रडणं, शिव्या. सगळं लिहिलं. निवृत्त झालो तेव्हा ठरवलं, आता नाही. कोणी विचारलं की 'काय?' म्हणायचं. फार सुख आहे त्यात. भांडण सुरू झालं की माझं मत कोणी विचारत नाही."

"पण मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, गाडी सुरू करा म्हणून. ही किती रडली."

"इंजिन चालू होतं ते समजत होतं मला. तुमचं पद थांबत नव्हतं. आगगाडी चुकेल म्हणून म्हणालो."

हे मला लागलं. गाडीचं काही नाही, पण हे लागलं. कारण मी त्यांना सांगितलेली कीर्तनं डोळ्यांपुढून सरकू लागली. चार चार तास. हातवारे करून. त्यांच्या त्या शांत चेहऱ्याकडे बघून मला वाटायचं, शब्द पोचत नसले तरी भाव पोचतो आहे.

"म्हणजे तुम्ही सगळं ऐकलंत?"

"शब्दन् शब्द. सवय आहे. दिवाळखोर राजाची गोष्ट तुम्ही मला तीनदा सांगितलीत. दोनदा त्याला मुलगा होता, एकदा मुलगी. आणि पद तुम्ही खाली सुरू करता, मग वर जायची वेळ आली की खोकता."

मी खिडकीबाहेर बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"आता ही गाडी," बाबा म्हणाले. "स्क्रूसुद्धा बदलायचा नाही म्हणालो होतो. खाली काय केलंय?"

मी सगळं सांगितलं. सायलेन्सर, मिस्त्री, अनाथ नळ्या, टाकीसाहेबांची दोरी, कॉक, शून्याचा कागद. हे सगळं तुमच्या कानासाठी, हेही सांगितलं. आणि ही तुमच्यासाठी खोली लावून बसली आहे, आवाजाने तुम्ही रमाल म्हणून, आणि तुम्ही छोटी पेटी घेऊन आला आहात, हेही.

बाबा समोरच्या काचेकडे बघत होते. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत. ते कॉकवर हसत होते. डोळे पुसून म्हणाले, "त्या साहेबांचं चूक नाही. लाइनीला कॉक पाहिजेच. मीही दोन बसवून घेतलेत." आणि त्यांनी आपल्या दोन्ही कानांना बोट लावलं.

"मग राहणार का तुम्ही?" मी विचारलं.

"बहिरा म्हणून राहीन. चालत असेल तर बोला. तिला कळलं की मला ऐकू येतं, तर दुसऱ्या दिवसापासून सोसायटीची सगळी भांडणं माझ्यापुढे सुनावणीला येतील."

"आणि कॉकचं?"

"कसला कॉक? मला कोणी काही सांगितलेलं नाही. सांगितलं असेल तर ऐकू आलेलं नाही."

असा आमचा करार झाला. त्यांनी तेल किती उरलंय ते काडी बाहेर काढून पाहिलं, नाकाशी नेऊन हुंगलं आणि "वाचली" म्हणाले. "एकच करा. तो भोंगा उद्या काढून टाका. माझं डोकं उठलंय." मी आनंदाने कबूल केलं. हळूहळू गाडी घरी आणली.

ही फाटकाशीच उभी होती. तिने दार उघडलं, बाबांच्या कानाशी वाकली आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडली, "बाबा, गाडीचा आवाज आला का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. करारात हे कलम नव्हतं. नाही म्हणावं तर लेकीचा चेहरा समोर. त्यांनी शिस्तीत एकदा "काय?" केलं. मी शिस्तीत ओरडून प्रश्न पुन्हा सांगितला. मग ते म्हणाले, "आला. थोडा थोडा आला."

हिने तिथेच डोळ्यांना पदर लावला. टाकीसाहेब जिन्यात उभे होते, त्यांनी चष्मा काढून पुसला. "बघा," ही मला म्हणाली, "मी सांगत नव्हते? आता हा आवाज मुळीच बदलायचा नाही. आणि रोज संध्याकाळी बाबांना गाडीतून लांब फिरवून आणायचं. तेवढंच तर त्यांना ऐकू येतं."

बाबांची डावी पापणी हलली. उजवीही हलली.

मोठी पेटी पुढच्या आठवड्यात आली. बाबा आता खिडकीजवळच्या खोलीत असतात. सोसायटीच्या सभेला पहिल्या रांगेत बसतात, शांत चेहऱ्याने, आणि रात्री पेन्सिलीने काय लिहितात ते मी विचारत नाही. रोज संध्याकाळी आम्ही गडगडाट करत निघतो. ही गॅलरीतून हात हलवते. वळण संपलं की मी गाडी बाजूला घेतो, इंजिन बंद करतो आणि शांतपणे बसतो आम्ही दोघं. मी कीर्तन सांगतो, हळू आवाजात. ते चुका काढतात. राजाला आता कायमचा मुलगा झाला आहे.

गाडीचा कॉक मी तारेने करकचून उघडा बांधून टाकला आहे. साहेबांना सांगितलेलं नाही. ठिपक्याखाली डबा ठेवतो. परत येताना वळणाच्या अलीकडे बाबा खिशातून रुमाल काढतात, तोंड पुसतात, दोन्ही कानांच्या पाळ्या एकदा बोटांत धरून हलकेच पिळतात आणि मला म्हणतात, "चला, बंद केले. घ्या आता घरी."